चष्मा उतरवायचा का? लेसरचा निर्णय घेण्याआधी खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली माणसं डोळे तपासायला आली की लेसरबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. शस्त्रक्रिया मी करत नाही, तिच्याआधीची मापं घेतो. ही शस्त्रक्रिया चांगली की वाईट, असं मला रोज कुणीतरी विचारतं आणि त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला ती निर्धास्त करता येते आणि दुसऱ्यानं तिचा विचारही करू नये, असं होतं. ठरतं ते बुबुळाच्या मापांवर आणि तुमच्या रोजच्या कामावर.

लेसरनं नेमकं करतात काय?

डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो तो कॉर्निया. आपण बोलताना त्यालाच बुबुळ म्हणतो. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. प्रकाश डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यावर नीट एकवटत नसेल तर चष्म्याची काच तो वळवून देते. लेसरमध्ये काचेऐवजी बुबुळाचाच आकार बदलतात. मायनस नंबर असेल तर मधला भाग थोडा सपाट करतात, प्लस असेल तर कडेचा भाग कमी करून मध्य उठावदार करतात.

यासाठी लागणारा एक्झायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो आजूबाजूच्या पेशींना न भाजता अगदी पातळ थर काढू शकतो. हा गुण ज्यांच्या संशोधनातून पुढे आला, त्यांच्यात मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ होते. आयबीएमच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये त्यांना तो दिसला. या उपचाराच्या मुळाशी आपल्या देशातला माणूस आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

काढलेला थर परत भरून येत नाही. हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलंत तर पुढची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

आजीला मोतीबिंदूनंतर 'लेसर मारलं' होतं, ते हेच का?

नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची पिशवी धूसर होते, तिला लेसरनं छिद्र पाडतात. मधुमेहात पडद्यावर मारतात ते लेसर तिसरंच. चष्म्याचा नंबर त्या दोन्हींनी जात नाही.

मला करता येईल की नाही, हे कशावरून कळतं?

वय किमान १८ पूर्ण हवं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. म्हणजे वर्षात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त बदल नको. त्यासाठी जुन्या चष्म्यांची कार्डं जपून ठेवा. नंबर वाढलेला नाही असं बरेच जण तोंडी सांगतात आणि कार्ड काढलं की पाऊण नंबराचा फरक निघतो.

त्यानंतर जाडी. हिशेब अवघड नाही, कागदावर मांडून बघा. लॅसिक या लेसरच्या पद्धतीत आधी बुबुळाची वरची एक पातळ चकती उचलतात, ती धरू ११० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक नंबर काढायला साधारण १५ मायक्रॉन जातात, यंत्र आणि उपचाराच्या वर्तुळाच्या मापानुसार थोडे कमी-जास्त. कुणाची जाडी ५४० आणि नंबर मायनस ५ असेल तर ११० चकतीचे आणि ७५ नंबराचे गेले, खाली ३५५ उरले. उत्तम. दुसऱ्याची जाडी ४८५ आणि नंबर मायनस ८. त्याचे ११० आणि १२० गेल्यावर २५५ उरतात. चकतीखाली २५० मायक्रॉनच्या आत जायचं नाही हा जुना दंडक आहे, आणि आज बरेच सर्जन ३०० च्या आसपास शिल्लक मागतात. या दुसऱ्या माणसाला मी तरी लॅसिक करून घ्या म्हणणार नाही, मग त्याची कितीही इच्छा असो.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा, कदाचित जास्तच. पेंटाकॅमसारख्या यंत्रानं बुबुळाचा पुढून-मागून नकाशा काढतात. त्यात खालचा भाग फुगीर दिसला किंवा दोन्ही डोळ्यांत विचित्र फरक दिसला तर जाडी भरपूर असूनही थांबावं लागतं. शिवाय अश्रूंची तपासणी, अंधारात बाहुली किती मोठी होते ते माप, डोळ्याचा दाब आणि थेंब टाकून पडद्याची तपासणी. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा पडदा कडेला पातळ असू शकतो. लेसरनं नंबर गेला तरी तो पडदा तसाच राहतो. म्हणून नंतर कधी डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखी दिसली, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूनं नजरेवर काळोख उतरल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

एकाच डोळ्यानं नीट दिसत असेल आणि दुसरा लहानपणापासून आळशी असेल, तर चांगल्या डोळ्यावर निव्वळ चष्मा काढण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगा भरतीची तयारी करतोय. वय १८ आहे. लगेच करून टाकू का?

हा प्रश्न धुळ्यात आणि भुसावळात सर्वांत जास्त येतो. कुणाला राज्य राखीव दलात जायचं असतं, कुणाला रेल्वेत, कुणाला सैन्यात. घाई इथंच नडते.

प्रत्येक पदाचे वैद्यकीय निकष वेगळे असतात. रेल्वेत लोको पायलटसारख्या पदांना चष्म्याशिवाय पूर्ण नजर लागते आणि लॅसिक केलेला उमेदवार चालत नाही. म्हणजे ज्या नोकरीसाठी शस्त्रक्रिया केली, तीच नोकरी शस्त्रक्रियेमुळे जाते. सैन्यदलांच्या काही अधिकारी पदांना लेसर चालतं, पण ते वयाच्या विसाव्या वर्षानंतर झालेलं असावं, त्याला वर्ष उलटलेलं असावं, बुबुळाची जाडी आणि डोळ्याची लांबी ठरावीक मर्यादेत असावी, अशा अटी असतात. अठराव्या वर्षी केलेली शस्त्रक्रिया तिथं उपयोगाची नाही. म्हणून आधी त्या पदाची जाहिरात आणि तिच्यातले वैद्यकीय निकष शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, त्याची प्रत काढा आणि ती सोबत घेऊन तपासणीला या.

"कळणार कसं?" असंही विचारतात. कळतं. बुबुळाच्या नकाशात लेसरची खूण आयुष्यभर दिसते. आणि भरतीचे निकष बाजूला ठेवले तरी अठरा-एकोणीसला नंबर पुष्कळदा सरकत असतो. दोन वर्षं थांबल्यानं काही बिघडत नाही.

लहानपणापासून डोळे खाजतात, चोळायची सवय आहे. चालेल का?

या प्रश्नासाठी मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आपल्या भागात तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

खान्देशचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या घरात जातो, वारा कोरडा, हवेत धूळ. अशा हवेत मुलांना, त्यातही मुलग्यांना, दर वर्षी फेब्रुवारी-मार्चपासून डोळ्यांची ॲलर्जी उठते. डोळे लाल, तारेसारखा चिकट स्राव आणि सहन न होणारी खाज. मूल दिवसभर मुठीनं डोळे चोळतं. घरात म्हणतात, उन्हानं होतंय, पावसात जाईल. पावसात कमी होतंही. पण वर्षानुवर्षं चोळून चोळून काहींचं बुबुळ कमजोर होत जातं, पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. याला केराटोकोनस म्हणतात.

तो हळूहळू वाढतो आणि सुरुवातीला फक्त 'नंबर वाढतोय' एवढंच दिसतं. विशेषतः सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की येतो तो) वाढत जातो, त्याचा कोन बदलत राहतो, नवा चष्मा लावूनही अक्षराला सावली दिसते. अशा डोळ्यावर लेसर केलं तर आधीच कमजोर असलेलं बुबुळ आणखी पातळ होतं आणि पुढे फुगत जातं. लेसरनंतरच्या सगळ्या त्रासांत मला भीती वाटते ती याची. म्हणून ज्यांना लहानपणी ॲलर्जी होती, ज्यांच्या घरात कुणाला केराटोकोनस आहे किंवा जे आजही डोळे चोळतात, त्यांनी हे तपासणीत न विचारताही सांगायचं. संशय असेल तर सहा महिने किंवा वर्षानं पुन्हा नकाशा काढून आधीच्याशी ताडून बघतात.

जाता जाता मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या थेंबांबद्दलही सांगतो. खाजेवर जे थेंब 'लगेच गुण देतात' त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन् महिने टाकलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, शाळकरी मुलालासुद्धा. अर्धी भरलेली बाटली शेजारच्या मुलाला देऊ नका.

आमचं काम उन्हाधुळीतलं आहे. त्यानं काही फरक पडतो?

पडतो. शस्त्रक्रियेत बुबुळातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे पहिले काही महिने डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात उतरतो, काहींचा रेंगाळतो. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत त्याला हा काळ जड जातो.

म्हणून मी काम विचारतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या जागेवर, काम करणाऱ्यांच्या डोळ्यात तिखटाचा कण रोज जातो. जिनिंगमध्ये कापसाचा भुस्सा उडतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत फवारणी असते. वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यावर प्रखर प्रकाश पडतो. यातलं कुणीही लेसरला कायमचं अपात्र नाही. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या कामापासून दूर राहता येईल का आणि नंतर कायम संरक्षक गॉगल घालाल का, या दोन प्रश्नांची खरी उत्तरं हवीत. रोजंदारी बुडणार म्हणून तिसऱ्या दिवशी पथारीवर जावं लागणार असेल, तर आत्ता करू नका. चष्मा त्या धुळीपासून थोडंफार रक्षण तरी करतो.

हंगामाचं म्हणाल तर ऑपरेशन थिएटरमध्ये बारा महिने हवा सारखीच असते. खरी अडचण नंतरच्या आठवड्यांत येते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास, ऐन झळांमध्ये करण्यापेक्षा दिवाळी झाल्यावर ते जानेवारीपर्यंत करणं आपल्याकडे सोयीचं. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल आणि यात्रेतली धूळ पहिल्या महिन्यात टाळायची.

लॅसिक, स्माइल, पीआरके यांतलं कोणतं चांगलं?

पीआरके सर्वांत जुनी पद्धत. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. यात चकती नसते. बुबुळावरचं नाजूक आवरण खरवडून लेसर मारतात आणि वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. तीन ते पाच दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, आणि नजर पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. शिवाय पुढचे काही महिने उन्हात गॉगल लावावाच लागतो, नाहीतर बुबुळावर धूसरपणा येऊ शकतो. पण बुबुळ थोडं पातळ असेल तर ही पद्धत जास्त सुरक्षित. चकतीच नसल्यामुळे मार लागून ती सरकण्याचा प्रश्न येत नाही. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना आणि पोलीस-सैन्यात जाणाऱ्यांना मी हीच पद्धत डॉक्टरांना विचारायला सांगतो.

लॅसिकमध्ये चकती उचलून खाली लेसर मारतात आणि ती परत बसवतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं. चकती टाके न घालता चिकटते, पण जोरदार मार लागला तर वर्षांनंतरही सरकू शकते.

स्माइलमध्ये बुबुळाच्या आतच एक पातळ भिंग कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. चकती नाही, कोरडेपणा तुलनेनं कमी. मात्र प्लस नंबरासाठी ती सर्रास वापरली जात नाही आणि खर्च जास्त असतो.

जाहिरातीत नवीन नाव दिसलं म्हणून ते तुमच्यासाठी चांगलंच असेल असं नाही. 'माझ्या डोळ्यासाठी हीच पद्धत का?' असं विचारा. डॉक्टर तुमची मापं दाखवून उत्तर देत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पोरीचं लग्न जमतंय. तोपर्यंत चष्मा घालवायचा आहे.

"पोरनं लगीन शे" एवढं ऐकलं की पुढचं मला कळतं. आईबाप काळजीनं आलेले असतात, त्यांना दोष देत नाही. पण या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर मुलीसाठी असतं: तुला स्वतःला हवंय का? तिला एकटीला बसवून विचारावं. डोळा तिचा आहे आणि कोरडेपणा आला तर तोही तिलाच सोसायचा आहे.

तिला हवं असेल आणि मापं बरोबर असतील तर लग्नाच्या निदान चार-सहा महिने आधी करा. हळद, काजळ, मेकअप, धूर, जागरणं हे सगळं ताज्या डोळ्याला नको. आणि लवकर मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर बदलतो, त्या काळात लेसर करत नाहीत.

सासरच्यांपासून नंबर लपवण्यासाठी म्हणून करत असाल तर थांबा. लेसरनं बुबुळाचा आकार बदलतो, आनुवंशिकता बदलत नाही. मुलांना नंबर येऊ शकतो. मायनस सहाचा पडदा मायनस सहाचाच राहतो आणि त्याची तपासणी आयुष्यभर करावी लागते. तेव्हा घरात माहीत असलेलं बरं.

माझं वय ४३ आहे. चष्मा कायमचा जाईल का?

दूरचा जाईल, जवळचा येईल. चाळिशी हा डोळ्याच्या आतल्या भिंगाचा बदल आहे. ते ताठर होतं आणि जवळचं बघताना फुगत नाही. बुबुळावरच्या लेसरचा त्याच्याशी संबंध नाही.

इथं एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. मायनस दोन-अडीचच्या माणसाला चाळिशीनंतर चष्मा काढला की जवळचं आपोआप छान दिसतं. ही त्याला मिळालेली सोय आहे. जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारा कारागीर, शिंपी किंवा दिवसभर वही-खातं बघणारा माणूस याच सोयीवर काम करत असतो. त्याचा मायनस काढून टाकला तर सिनेमा चष्म्याविना दिसेल, पण ज्या कामावर पोट आहे त्यासाठी दिवसभर चष्मा लागेल. हा सौदा परवडतो का ते त्यानं ठरवावं. अशांना मी बहुधा 'राहू द्या' म्हणतो.

एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याची पद्धत आहे. काहींना ती जमते, काहींचं डोकं गरगरतं. आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं जगून बघावं, मग ठरवावं. रात्रीचा ट्रक चालवणाऱ्यांना ती सहसा मानवत नाही. पन्नाशीच्या पुढे गेलात आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर लेसरचा खर्च कशाला? मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर निवडून तेच काम होतं.

धोका किती? खरं सांगा.

जगभरातल्या संशोधनांचा एकत्र आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लॅसिक केलेले ९५ टक्क्यांच्या वर लोक समाधानी होते. हे खरं आहे आणि जाहिरातीत हेच वाचायला मिळतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लॅसिकच्या रुग्णांच्या केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्यांना आधी दिव्याभोवती वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा असं काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी यांतलं किमान एक लक्षण नव्यानं जाणवत होतं. आधी डोळे ठीक असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना कोरडेपणाची लक्षणं आली. या दृश्यलक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे मात्र एक टक्क्याहूनही कमी होते.

दोन्ही आकडे एकत्र वाचा. बहुतेकांना थोडा त्रास होतो, तो कमी होतो आणि ते खूश असतात. फार थोड्यांना तो राहतो. संसर्ग, चकतीच्या सुरकुत्या, बुबुळ फुगणं, न थांबणारी आग हे विरळ आहे, पण ज्याला होतं त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं. महामार्गावर रात्री गाडी चालवणं हेच तुमचं काम असेल, तर वलयांचा धोका इतरांपेक्षा जास्त तोलून बघा.

दुखतं का? डोळा हलला तर?

भूल थेंबांची असते, इंजेक्शन लागत नाही. पापणी क्लिपनं धरून ठेवतात, काही सेकंद दाब जाणवतो, जळल्यासारखा वास येतो. लेसर प्रत्येक डोळ्यावर काही सेकंदच चालतो. यंत्र डोळ्याच्या हालचालीचा माग ठेवतं आणि डोळा जास्त हलला तर थांबतं.

नंबर परत येतो का?

काहींना थोडा येतो, मोठा नंबर असलेल्यांना जास्त शक्यता. जाडी शिल्लक असेल तर पुन्हा लेसर करता येतं. पहिल्याच वेळी सगळी जाडी संपवली असेल तर ती वाट बंद.

कोणत्या आजारात किंवा औषधांत करू नये?

आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, बुबुळावर पूर्वी झालेली नागीण, वाढलेला काचबिंदू. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी डोळे फार कोरडे पडतात. तरुण मुलं-मुली हे औषध क्षुल्लक समजून सांगत नाहीत.

तपासणीला येताना काय करायचं?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधीपासून बंद. लेन्सनं बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकीचा येतो. काजळ, सुरमा लावून येऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून शहादा किंवा चोपड्याहून स्वतः मोटरसायकल चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी हवं.

आणि तपासणीच्या दिवशीच आगाऊ रक्कम भरू नका. 'आज बुकिंग केलं तर सवलत' असं कुणी म्हणालं तर रिपोर्ट घ्या आणि घरी जा. मापं उद्याही तीच राहणार आहेत.

इथंच करावं की नाशिक, मुंबई, सुरत, इंदूरला जावं?

गावावरून ठरवू नका, पुढच्या तपासण्यांवरून ठरवा. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी दाखवावं लागतं. तळोद्याच्या माणसाला सुरत सोपं पडेल, चाळीसगावच्याला नाशिक. प्रश्न असा आहे की चौथ्या दिवशी रात्री डोळा लाल झाला आणि ठणकू लागला तर तुम्ही कुणाकडे जाणार? ऑपरेशन करणाऱ्यांना हेच विचारा. दूर केलं तर तुमच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या नेत्रतज्ज्ञांना आधी भेटून ते नंतर बघतील का, हे ठरवून घ्या.

आणखी विचारा: माझी जाडी किती, लेसरनंतर किती उरणार, नकाशा कुणी वाचला, शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, दुरुस्ती लागली तर पैसे पुन्हा लागतील का. उत्तर देताना कुणी त्रासलं तर दुसरीकडे मत घ्या. दुसरं मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

विमा मिळतो का?

विमा नियामकाच्या प्रमाणित नियमांत ७.५ डायॉप्टरपेक्षा (म्हणजे साडेसात नंबरापेक्षा) कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळता येतो. नंबर त्याहून मोठा असेल तर पॉलिसीचा कागद घेऊन कंपनीला आधी लेखी विचारा. कर्ज काढून हे करू नका. चष्म्यानं नीट दिसत असेल तर ही निकड नाही.

डॉक्टर 'नाही' म्हणाले. आता?

वाईट वाटतं, मी बघतो. पण जो डॉक्टर पैसे घेण्याऐवजी 'तुमच्या डोळ्याला हे नको' म्हणतो, त्याचं ऐका आणि 'करून देणारा' शोधत फिरू नका.

नकार कशामुळे आला ते विचारा. जाडी कमी पण बाकी ठीक असेल तर डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगासमोर बसवायची आयसीएल लेन्स असते. तिच्यात बुबुळ पातळ होत नाही, मोठ्या नंबरालाही चालते, गरज पडली तर काढता येते. डोळ्यात पुरेशी जागा मात्र लागते, खर्च बराच जास्त आणि नियमित तपासणी आवश्यक. केराटोकोनस निघाला असेल तर नकारानं तुमच्यावर उपकारच झाले: तो वाढत असेल तर सीथ्रीआर नावाच्या उपचारानं थांबवता येतो, आणि तो जितका लवकर तितका चांगला. घरातल्या भावंडांचाही नकाशा काढून घ्या. कोरडेपणामुळे नकार असेल तर काही महिने उपचार घेऊन पुन्हा तपासता येतं.

लेसर केल्यावर नेत्रदान करता येतं का?

करता येतं. लेसर केलेलं बुबुळ संपूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणाला घेत नाहीत, पण त्याचा आतला थर निरोगी असेल तर काही रुग्णांना उपयोगी पडू शकतो. संकल्प केला असेल तर तो मोडू नका, नेत्रपेढीला लेसरची माहिती द्या.

नंतर कधी मोतीबिंदू झाला तर?

ऑपरेशन होतं, नेहमीसारखंच. अडचण भिंगाचा नंबर काढताना येते, कारण नेहमीची गणितं न बदललेल्या बुबुळावर बेतलेली असतात. लेसर झालेलं माहीत नसेल तर नंबर चुकू शकतो. डोळ्याचा दाबही यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. म्हणून लेसरच्या आधीचा नंबर, जाडी, नकाशा आणि शस्त्रक्रियेचा कागद हे सगळं फाइलमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या एका तरुण माणसाकडेही पाठवून ठेवा. तीस वर्षांनी कोणत्याही गावात डोळे दाखवायला गेलात तरी पहिलं वाक्य हेच सांगायचं, की माझ्या डोळ्यांना लेसर झालेलं आहे.